किशोरवयीनांच्या आरोग्यविषयक संशोधनातील कागदी व ऑनलाईन प्रश्नावली : एक तौलनिक विवेचन

सारांश

किशोरवयीन मुलामुलींच्या आरोग्यविषयक संशोधनात प्रश्नावली हे माहिती संकलनाचे प्रमुख साधन होय. कागदी प्रश्नावलीची जागा गेल्या दोन दशकांत झपाट्याने ऑनलाईन प्रश्नावली घेत आहे. हा बदल केवळ सोयीचा नसून, मिळणाऱ्या उत्तरांवर, नमुन्याच्या प्रातिनिधिकतेवर आणि उत्तरदात्याच्या सुरक्षिततेवर त्याचा परिणाम होतो. प्रस्तुत लेखात दोन्ही माध्यमांची तुलना उपलब्ध संशोधनाच्या आधारे केली असून, महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत काम करणाऱ्या संशोधकांसाठी काही शिफारशी मांडल्या आहेत.

कळीचे शब्द : किशोरवय, प्रश्नावली, माध्यम-परिणाम, प्रतिसाद-दर, समतुल्यता, गोपनीयता.

१. प्रस्तावना

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार १० ते १९ वर्षे हा वयोगट किशोरवयीन मानला जातो. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात या वयोगटातील लोकसंख्या सुमारे २५ कोटी होती. तंबाखूसेवन, मद्यपान, आहार, मानसिक ताण, मासिक पाळीची स्वच्छता, लैंगिक आरोग्य, हिंसा अशा ज्या बाबींचा या वयात आरोग्यावर दूरगामी परिणाम होतो, त्यांपैकी बहुतेक बाबी दवाखान्याच्या नोंदींत सापडत नाहीत. त्या मुलांनी स्वतः सांगितल्या तरच कळतात. म्हणूनच या क्षेत्रातील ज्ञानाचा मोठा भाग प्रश्नावलीवर उभा आहे.

मार्च २०२० नंतर कोविड महामारीमुळे शाळा बंद झाल्या आणि संशोधकांना वर्गात जाऊन कागद वाटणे अशक्य झाले. त्या काळात ऑनलाईन फॉर्मची जोडणी व्हॉट्सॲप गटांवर पाठवून माहिती गोळा करण्याची पद्धत रूढ झाली. शाळा उघडल्या तरी ही पद्धत टिकून राहिली; कारण तीत छपाईचा खर्च नाही, माहिती पुन्हा संगणकावर भरण्याचे श्रम नाहीत आणि तक्ते आपोआप तयार होतात. परंतु ज्या प्रश्नावलीची विश्वसनीयता व सप्रमाणता कागदावर सिद्ध झाली आहे, ती पडद्यावर आणल्यानंतरही तितकीच विश्वसनीय राहते काय, हा प्रश्न पुष्कळदा विचारलाच जात नाही. त्याचे उत्तर शोधणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. ‘ऑनलाईन’ या शब्दातील भिन्न अर्थ

दोन माध्यमांची तुलना करताना एक मूलभूत गोंधळ आढळतो. ‘ऑनलाईन प्रश्नावली’ या एकाच नावाखाली किमान तीन वेगळ्या पद्धती मोडतात. पहिली, शाळेच्या संगणक कक्षात किंवा वर्गात टॅबलेट देऊन संशोधकाच्या देखरेखीखाली भरून घेतलेली प्रश्नावली. दुसरी, हेडफोनमधून प्रश्न ऐकवून पडद्यावर उत्तर नोंदवून घेणारी श्राव्य संगणकीय स्व-मुलाखत. तिसरी, घरी वा कोठेही स्वतःच्या अथवा कुटुंबाच्या मोबाईलवर, कोणाच्याही देखरेखीविना भरलेली प्रश्नावली.

या तिन्हींमध्ये माध्यम, स्थळ आणि देखरेख हे तीन घटक निरनिराळ्या रीतीने बदलतात. वर्गात भरलेली कागदी प्रश्नावली आणि घरी मोबाईलवर भरलेला फॉर्म यांची तुलना करून ‘ऑनलाईन माध्यमाचा परिणाम’ असा निष्कर्ष काढल्यास तो सदोष ठरतो. कारण फरक कागद व पडदा यांचा आहे की वर्ग व घर यांचा, हे त्यातून कळत नाही.

३. संवेदनशील प्रश्नांची उत्तरे : संशोधनाचा पुरावा

या विषयावरील सर्वाधिक परिचित अभ्यास टर्नर आणि सहकाऱ्यांचा असून तो १९९८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेत १९९५ मध्ये १५ ते १९ वयोगटातील मुलांच्या राष्ट्रीय पाहणीत काही मुलांना कागदी प्रश्नावली व इतरांना श्राव्य संगणकीय स्व-मुलाखत यादृच्छिक पद्धतीने देण्यात आली. पुरुषांशी लैंगिक संबंध आल्याचे कागदावर १.५ टक्के मुलांनी, तर संगणकावर ५.५ टक्के मुलांनी नोंदविले. अमली पदार्थ व हिंसा यांविषयीच्या काही प्रश्नांतही संगणकावरील कबुलीचे प्रमाण अधिक होते. जे वर्तन समाजात जितके निषिद्ध, तितका माध्यमाचा फरक मोठा, असे या अभ्यासाने सुचविले.

तथापि, यावरून संगणक नेहमीच अधिक सत्य वदवितो असे मानणे घाईचे ठरेल. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २००८ मध्ये नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांवर एक पद्धतीशास्त्रीय अभ्यास केला. त्यात संपूर्ण वर्ग यादृच्छिकपणे कागदी वा संगणकीय गटात टाकण्यात आले. ईटन व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार ५,२२७ विद्यार्थ्यांच्या उत्तरांत ७४ जोखमीच्या वर्तनांपैकी केवळ ७ वर्तनांबाबत माध्यमानुसार फरक आढळला. म्हणजे शाळेतच, सारख्याच परिस्थितीत भरून घेतल्यास कागद व संगणक यांतून मिळणारी प्रमाणे बहुतांशी सारखी येतात.

या दोन अभ्यासांत दिसणारी विसंगती वरवरची आहे. पहिल्या अभ्यासात प्रश्न कानात ऐकू येत होते आणि पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न होता. भरलेली पाने कोणाच्या हाती द्यावयाची नव्हती, आणि वाचनात कच्च्या असलेल्या मुलालाही प्रश्न समजत होता. दुसऱ्या अभ्यासात मुले वर्गमित्रांशेजारी बसून पडद्यावर वाचत होती. उभा पडदा शेजाऱ्याला दिसतो. बाकावर ठेवलेला कागद मात्र हाताने झाकता येतो. यावरून असे स्पष्ट होते की निर्णायक घटक यंत्र नसून, ‘माझे उत्तर कोणालाही दिसणार नाही’ ही उत्तरदात्याची खात्री होय.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पोतदार व केनिग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेला पुण्यातील अभ्यास महत्त्वाचा आहे. अविवाहित तरुणांच्या दोन गटांत, म्हणजे महाविद्यालयीन विद्यार्थी व झोपडपट्टीतील रहिवासी यांत, प्रत्यक्ष मुलाखत, स्वतः भरावयाची प्रश्नावली आणि श्राव्य संगणकीय स्व-मुलाखत यांची यादृच्छिक रचनेद्वारे तुलना करण्यात आली. संगणकीय पद्धतीचा परिणाम दोन्ही गटांत एकसारखा आढळला नाही. एकाच शहरात, एकाच वयाच्या तरुणांत शिक्षण व संगणकाचा परिचय यांनुसार माध्यमाचा परिणाम बदलतो, हा यातील धडा आहे. परदेशातील निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याकडे लागू करता येत नाहीत, हेही त्यातून अधोरेखित होते.

संगणकाविनाही गोपनीयतेची खात्री देता येते, याचे उदाहरण २००६-०७ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, मुंबई व पॉप्युलेशन कौन्सिल यांनी महाराष्ट्रासह सहा राज्यांत केलेल्या युवक पाहणीत सापडते. विवाहपूर्व संबंधांविषयी प्रत्यक्ष मुलाखतीखेरीज, उत्तर कार्डावर लिहून पाकिटात बंद करण्याची सोय त्यात ठेवण्यात आली होती. साधा कागद व बंद पाकीटही योग्य रचनेत गोपनीयतेचे प्रभावी साधन ठरू शकते.

४. प्रतिसाद-दर व प्रातिनिधिकता

ऑनलाईन पद्धतीची सर्वांत गंभीर मर्यादा उत्तरांच्या स्वरूपात नसून, उत्तर कोण देतो यात आहे. वर उल्लेखिलेल्या २००८ च्या अभ्यासात विद्यार्थ्यांचा आणखी एक गट होता; त्यांना शाळेबाहेर, आपापल्या सवडीने ऑनलाईन प्रश्नावली भरण्यास सांगितले होते. त्या गटातील प्रतिसाद सुमारे २८ टक्के, म्हणजे वर्गात भरून घेतलेल्या गटांपेक्षा फारच कमी होता.

कमी प्रतिसादाचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने समजून घेऊ. एका तालुक्यातील १००० विद्यार्थ्यांना जोडणी पाठविली व २८० जणांनी उत्तर दिले. त्यांपैकी १० टक्के, म्हणजे २८ विद्यार्थी तंबाखूचे सेवन करतात. उत्तर न देणाऱ्या ७२० जणांत हेच प्रमाण २० टक्के, म्हणजे १४४ असेल, तर खरे प्रमाण १७.२ टक्के ठरते. संशोधक मात्र १० टक्के असे नोंदवील. नमुना १००० ऐवजी १०,००० केला तरी ही चूक तशीच राहील. कारण ती नमुन्याच्या आकाराची नव्हे, तर निवडीची अभिनती आहे.

भारतात या अभिनतीला लिंगभावाचे परिमाण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार देशात १५ ते ४९ वयोगटातील ५७.१ टक्के पुरुषांनी, परंतु केवळ ३३.३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरले होते. १४ ते १८ वयोगटावर केंद्रित असलेल्या ‘असर २०२३’ या ग्रामीण पाहणीत सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. मात्र स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेली मुले ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्केच होत्या.

‘घरात फोन आहे’ आणि ‘मुलीला एकांतात फोन मिळतो’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. मासिक पाळी, छेडछाड किंवा घरातील मारहाण यांविषयीची प्रश्नावली वडिलांच्या वा भावाच्या फोनवर भरणारी मुलगी प्रश्न संपताच फोन परत देणार आहे. ती एकतर उत्तरच देणार नाही, अथवा दुसऱ्याने वाचले तरी चालेल असेच उत्तर देईल. ज्या मुलींविषयी जाणून घेणे सर्वांत गरजेचे आहे, त्याच अशा रीतीने आकडेवारीतून नाहीशा होतात. आणि ‘समस्या अल्प प्रमाणात आढळली’ असा निष्कर्ष त्यांच्या नावावर नोंदविला जातो.

अर्थात कागदी पद्धतही या दोषापासून मुक्त नाही. वर्गात भरून घेतलेल्या प्रश्नावलीत गैरहजर व शाळा सोडलेली मुले येत नाहीत. ऊसतोडणीसाठी कुटुंबासह स्थलांतर केलेली मुले हंगामात शाळेच्या पटावर असूनही वर्गात नसतात. शाळाबाह्य मुलांचे प्रश्न शाळेत केलेल्या पाहणीतून कळत नाहीत, माध्यम कोणतेही असो.

५. उत्तरांची गुणवत्ता

(अ) गाळलेली उत्तरे : कागदावर विद्यार्थी प्रश्न सोडून देऊ शकतो, एका प्रश्नाला दोन उत्तरे देऊ शकतो किंवा एक पान उलटायचे विसरू शकतो. ऑनलाईन फॉर्ममध्ये प्रत्येक प्रश्न ‘आवश्यक’ करून ही उणीव दूर करता येते. परंतु हा उपाय फसवा आहे. उत्तर द्यायचे नसलेल्या मुलाला पुढे जाण्यासाठी काहीतरी खूण करावीच लागते. रिकामी जागा ही प्रामाणिक माहिती असते. सक्तीने भरलेली जागा खोटी माहिती ठरू शकते. प्रत्येक संवेदनशील प्रश्नाला ‘उत्तर देऊ इच्छित नाही’ हा पर्याय ठेवणे हाच योग्य मार्ग होय.

(आ) प्रश्न वगळण्याची सोय : ‘नाही’ असे उत्तर देणाऱ्यास पुढचे संबंधित प्रश्न न दाखविणे संगणकावर सहज शक्य असते. त्यामुळे वेळ वाचतो. परंतु वर्गात याचा एक अनपेक्षित परिणाम होतो. तंबाखू न खाणारा विद्यार्थी लवकर मोकळा होतो आणि जो अद्याप भरतच बसला आहे, त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. अमेरिकेतील युवा जोखीम वर्तन पाहणीच्या प्रश्नावलीत प्रश्न वगळण्याच्या सूचना हेतुपुरस्सर टाळल्या जातात, त्यामागे हेच कारण आहे. सर्वांना जवळजवळ सारखाच वेळ लागला पाहिजे, हे गोपनीयतेचे तत्त्व आहे.

(इ) मांडणी : पाच पर्यायांची श्रेणी कागदावर एका आडव्या ओळीत दिसते. मोबाईलच्या अरुंद पडद्यावर ती उभी होते किंवा शेवटचे पर्याय पडद्याबाहेर जातात. पर्यायाची जागा बदलल्याने त्याची निवडही बदलू शकते. मराठी वाक्ये व जोडाक्षरे लहान अक्षरांत वाचणे कमी वाचनसराव असलेल्या मुलांना जड जाते. ऑनलाईन रूप तयार झाल्यावर ते स्वस्त, जुन्या फोनवर उघडून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

(ई) शब्दयोजना : काही दोष माध्यमाने सुधारत नाहीत. ‘तुम्ही तंबाखूचे सेवन करता काय?’ या प्रश्नाला मशेरी लावणारी मुलगी निःशंकपणे ‘नाही’ म्हणेल. कारण तिच्या लेखी मशेरी दात घासण्यासाठी आहे. अशा ठिकाणी मशेरी, गुटखा, खर्रा ही नावे स्वतंत्रपणे विचारणे हाच उपाय आहे. पडद्यावर पदार्थाचे चित्र दाखविता येते, हा ऑनलाईन माध्यमाचा खरा लाभ होय.

(उ) नोंदणी व पडताळणी : कागदावरील उत्तरे संगणकावर चढविताना चुका होतात, त्या टाळण्यासाठी दोन व्यक्तींकडून स्वतंत्र नोंद करून ताडून पाहावी लागते. ऑनलाईन पद्धतीत हा टप्पाच उरत नाही. शिवाय प्रश्नावली किती वेळात भरली गेली हे कळते. साठ प्रश्न दोन मिनिटांत सोडविणाऱ्याने ते वाचलेले नाहीत, हे उघड आहे. उलटपक्षी, खुल्या जोडणीवर एकाच व्यक्तीने अनेकदा उत्तर देणे किंवा वयोगटाबाहेरील व्यक्तीने फॉर्म भरणे रोखणे कठीण असते.

६. समतुल्यता कशी तपासावी?

दोन्ही गटांची सरासरी काढून, ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही, सबब दोन्ही माध्यमे समान आहेत’ असा निष्कर्ष अनेक प्रबंधांत आढळतो. हा तर्क सदोष आहे. फरक सिद्ध न होणे म्हणजे समानता सिद्ध होणे नव्हे. समजा, प्रत्येकी १०० विद्यार्थ्यांच्या दोन गटांत तंबाखूसेवनाचे प्रमाण कागदावर ८ टक्के व टॅबलेटवर १२ टक्के आले. हा ४ टक्क्यांचा फरक लक्षणीय ठरत नाही. परंतु त्याचा ९५ टक्के विश्वासांतराळ अंदाजे उणे ४ ते अधिक १२ टक्के इतका रुंद आहे. म्हणजे खरा फरक १२ टक्क्यांपर्यंतही असू शकतो. म्हणून किती फरक चालेल ही मर्यादा संशोधनापूर्वीच ठरवावी आणि संपूर्ण विश्वासांतराळ त्या मर्यादेत बसला तरच समतुल्यता मान्य करावी.

संशोधन-रचनेबाबत दोन मार्ग आहेत. एकाच विद्यार्थ्याकडून दोन्ही रूपे काही दिवसांच्या अंतराने भरून घेतल्यास वैयक्तिक फरक आटोक्यात राहतो. मात्र पहिली उत्तरे आठवण्याचा धोका असतो. त्यासाठी निम्म्या विद्यार्थ्यांना आधी कागद व निम्म्यांना आधी पडदा द्यावा. दुसरा मार्ग म्हणजे स्वतंत्र गट यादृच्छिकपणे निवडणे. त्यात संपूर्ण वर्ग हे एकक घेतल्यास एकाच वर्गातील मुलांमधील साम्य विचारात घ्यावे लागते. ४० विद्यार्थ्यांचे १० वर्ग घेतले आणि वर्गांतर्गत सहसंबंध ०.०२ इतका अल्प असला, तरी रचना-परिणाम १ + (३९ × ०.०२) = १.७८ येतो. म्हणजे ४०० विद्यार्थ्यांचा नमुना प्रत्यक्षात सुमारे २२५ विद्यार्थ्यांइतकीच माहिती देतो.

मोजपट्टीची अंतर्गत सुसंगती दोन्ही माध्यमांत क्रॉनबॅक अल्फाने तपासली जाते. ते आवश्यक असले तरी पुरेसे नाही. सर्व मुलांनी सारख्याच प्रमाणात लपविले तरी अल्फा उत्तम येऊ शकतो.

कालानुक्रमिक पाहणीत ही बाब अधिकच महत्त्वाची ठरते. १९९१ पासून दर दोन वर्षांनी कागदावर होत आलेली अमेरिकेतील युवा जोखीम वर्तन पाहणी २०२३ मध्ये राष्ट्रीय स्तरावर प्रथमच टॅबलेटवर घेण्यात आली. अशा संक्रमणाच्या वेळी आकडा बदलला, तर वर्तन बदलले की माध्यम, हा प्रश्न उभा राहतो. भारतातील जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१९ च्या फेरीत १३ ते १५ वयोगटातील ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले. भावी आकड्याची या आकड्याशी तुलना करताना माध्यम, स्थळ व देखरेख सारखी होती काय, हे पाहिल्यावाचून यशापयशाचा निर्णय देता येणार नाही.

७. नैतिक व कायदेशीर पैलू

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्पवयीनांच्या सहभागासाठी पालकांच्या संमतीबरोबरच मुलाची स्वतःची अनुमतीही घ्यावयाची असते. १२ ते १८ वयोगटात ती लेखी असावी. वर्गात ‘नको’ म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा संशोधकाला दिसतो. ऑनलाईन फॉर्मवरील ‘सहमत’ हे बटण कोणी दाबले, हे कळत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते आणि तिची वैयक्तिक माहिती हाताळण्यासाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संशोधनासाठी विहित मानकांच्या अधीन राहून सूट असली, तरी ती निष्काळजीपणाची मुभा नव्हे. नाव न विचारता केवळ ई-मेल पत्ता नोंदवून घेणारा फॉर्म निनावी राहत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशा अपराधाची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. त्यामुळे अत्याचाराविषयी प्रश्न विचारण्यापूर्वीच, ओळख पटेल असे उत्तर आल्यास काय करावयाचे, याची कार्यपद्धती नैतिकता समितीसमोर ठेवली पाहिजे.

मानसिक आरोग्याच्या प्रश्नावलीत हा पैलू अधिक तीव्र होतो. स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या प्रश्नाला ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर देणाऱ्या मुलाचा कागद गठ्ठ्यात कित्येक आठवडे पडून राहू शकतो. ऑनलाईन रूपात त्याच क्षणी टेलि-मानस (१४४१६) किंवा चाइल्डलाईन (१०९८) हे मदत क्रमांक दाखविता येतात. परंतु वर्गात समुपदेशक प्रत्यक्ष उपस्थित असू शकतो. घरी एकट्याने फॉर्म भरणाऱ्या मुलाजवळ कोणी नसते.

८. शिफारशी

१. माध्यमाची निवड खर्चावरून नव्हे, तर विषयाची संवेदनशीलता व उत्तरदात्याला मिळणारा एकांत यांवरून करावी.
२. शक्य तेथे वर्गात, देखरेखीखाली, परंतु शिक्षकांच्या अनुपस्थितीत प्रश्नावली भरून घ्यावी. बैठक अंतर राखून असावी.
३. कमी वाचनसराव असलेल्या गटांसाठी मराठीत अथवा मुलांच्या बोलीत प्रश्न ऐकविण्याची सोय करावी.
४. कागदी मोजपट्टी पडद्यावर आणताना पथदर्शी अभ्यास करावा व समतुल्यतेची मर्यादा आधीच जाहीर करावी.
५. अहवालात केवळ ‘ऑनलाईन’ असे न लिहिता साधन, स्थळ, देखरेख, निमंत्रितांची संख्या व प्रतिसाद-दर नमूद करावेत.
६. ई-मेल व इतर ओळख-माहिती नोंदविण्याची सोय बंद ठेवावी आणि सर्व उत्तरदात्यांना मदत क्रमांक द्यावेत.
७. खुल्या जोडणीद्वारे मिळालेल्या नमुन्यावरून जिल्ह्याचे वा राज्याचे प्रमाण सांगू नये.

९. समारोप

कागद व पडदा यांपैकी एक माध्यम सर्वार्थाने श्रेष्ठ ठरत नाही. सारख्या परिस्थितीत दोन्हींची उत्तरे बहुतांशी जुळतात. परिस्थिती बदलली की ती दुरावतात. ऑनलाईन पद्धतीने संशोधकाचे श्रम निश्चितच वाचतात, परंतु त्यातून वाचलेला वेळ नमुना, एकांत व सुरक्षितता यांची व्यवस्था करण्यात खर्च झाला नाही, तर अचूक तक्त्यांतून चुकीचे चित्र उभे राहते. शालेय समुपदेशक नेमावयाचे की नाही, व्यसनमुक्तीचे कार्यक्रम कोणत्या तालुक्यात घ्यावयाचे, मुलींसाठी कोणत्या सोयी हव्यात, हे निर्णय याच तक्त्यांवर घेतले जातात. ज्या मुलीच्या हाती फोन आला नाही, तिचे उत्तर त्यांत नसते. मात्र निर्णय तिच्याही आयुष्याला लागू होतो. प्रश्नावलीचे माध्यम निवडताना संशोधकाने या जबाबदारीचे भान ठेवणे अगत्याचे आहे.